एका कामाला एकच कारभारी

लॅपटॉपमधील बॅटरी ही विजेची शिदोरी होय; ती पुरवून पुरवून वापरावी लागते. ज्या घरी सर्व भावंडांत मिळून एकच लॅपटॉप आहे आणि सायंकाळी वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेथे ही शिदोरी थोडी अधिक पुरली, तरी धाकट्याचाही अभ्यास उरकतो. म्हणून तिचा सांभाळ कोण करतो, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. येथे आम्ही लिनक्स या प्रणालीचे उदाहरण घेतो. कारण तिचा हा कारभार कोणासही उघडून पाहता येतो.

लिनक्सची मुहूर्तमेढ १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने रोविली. तिच्या गाभ्यास कर्नेल म्हणतात. प्रोसेसरने वेगाने धावावे की काटकसरीने चालावे, यांसारख्या गोष्टी कर्नेल लहान लहान फायलींच्या रूपाने मांडून ठेविते. अधिकार असलेल्या कार्यक्रमाने त्या फायलीत नवे मूल्य लिहावे आणि यंत्राने ते पाळावे, अशी ही व्यवस्था आहे. मात्र ते कोणी लिहिले, याची तेथे नोंद राहत नाही. जो शेवटी लिहील त्याचे खरे! साऱ्या घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

हे लेखनाचे काम पडद्याआड राबणाऱ्या सेवा करितात. त्यांपैकी 'पॉवर प्रोफाइल्स डीमन' ही सेवा अनेक डेस्कटॉपांबरोबर आयतीच येते. काटकसर, समतोल वा पूर्ण वेग यांपैकी आपण जे निवडू, त्याप्रमाणे ती मूल्ये लिहिते. दुसरी सेवा 'टीएलपी'. चार्जर जोडला की ती मूल्यांचा एक संच लिहिते, काढला की दुसरा. दोन्ही आपापल्या जागी उत्तम आहेत. परंतु दोघींच्या हाती एकच लेखणी दिली, तर काय होईल? आपण काटकसर निवडतो. पुढे चार्जर जोडताच टीएलपी आपला संच लिहिते. आणि पडद्यावर मात्र 'काटकसर' हीच अक्षरे झळकत राहू शकतात. आपण विनाकारण बॅटरीस बोल लावितो. वस्तुतः हा बारभाईचा कारभार असतो.

पहिल्या सेवेच्या रचनाकारांनी यावर एक तोड काढिली आहे. आपल्याशी कोणाचे जमत नाही, त्यांची नावे त्यांनी सेवेच्या आज्ञापत्रातच लिहून ठेविली; त्यामुळे ती जागी होताच टीएलपीची सेवा थांबविली जाते. पण मग आपण हौसेने बसविलेली सेवा मुकाट्याने बंद पडते आणि आपणांस पत्ताही लागत नाही! म्हणून निवड आपणच करावी, हे बरे.

ती अशी करावी. प्रथम 'सिस्टमसीटीएल' या आज्ञेने कोणकोणत्या सेवा चालू आहेत, ते पाहावे. मग एक ठेवावी. नवशिक्याने प्रणालीबरोबर आलेलीच ठेवावी, हे उत्तम. नको असलेली सेवा काढून टाकावी, अथवा 'मास्क' करावी. नुसती 'डिसेबल' केलेली सेवा संगणक सुरू होताना उठत नाही, पण डेस्कटॉपने हाक मारल्यास पुन्हा उभी राहू शकते. 'मास्क' केलेली सेवा हाकेनेही उठत नाही. बदल घरच्या वडीलधाऱ्यांस सांगून करावा आणि वहीत टिपून ठेवावा, म्हणजे तो पुढे उलटविता येतो.

मोठ्या प्रणालीही हेच करितात. फेडोराच्या ४१ व्या आवृत्तीत, २०२४ साली, 'पॉवर प्रोफाइल्स डीमन'च्या जागी 'ट्यून्ड' ही सेवा नेमली गेली. त्या वेळी दोन्ही शेजारी शेजारी न ठेविता जुनीस निरोप दिला आणि जुन्या सेवेसाठी येणाऱ्या मागण्या नवीकडे पोचविणारा एक दुभाषी मध्ये बसविला. डेस्कटॉपवरील निवडीची कळ होती तशीच राहिली. कारभारी तेवढा बदलला.

तेव्हा बालमित्रहो, संगणकात नवा सेवक आणण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: हे काम आज येथे कोण करीत आहे?