पंधरा करंडक आणि आमची हद्द

सलग विजयांच्या दीर्घ मालिकांविषयी मला पुष्कळ वर्षांपासून एक खासगी, आणि घरच्या मंडळींच्या मते सर्वथैव निरुपयोगी, असे कुतूहल आहे. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ १९४३च्या जानेवारीपासून पुढे बारा वर्षे आपल्या लेक्सिंग्टन गावी, घरच्या मैदानावर, एकही सामना हरला नाही. ओळीने १२९ सामने त्याने तेथे जिंकले, आणि ८ जानेवारी १९५५ रोजी, ज्याच्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नव्हती अशा जॉर्जिया टेकच्या संघाने ५९-५८ असे एका गुणाने हरवून ती मालिका खंडित केली, एवढे वाचून सामान्य वाचक पान उलटील. परंतु याच मुदतीत त्या संघातील काही नामांकित खेळाडूंनी न्यूयॉर्कमधील सामन्यासाठी जुगाऱ्यांकडून पैसे घेतल्याचे उघडकीस आले, त्या प्रकरणापायी १९५२-५३चा अख्खा हंगाम विद्यापीठाला बाहेर बसावे लागले, आणि तरीही मालिकेचा आकडा जणू मध्ये काहीच घडले नाही अशा थाटात पुढे मोजला गेला, हे जेव्हा मला कळले तेव्हापासून कोणतीही मालिका दिसली की मी विजयांची गणती बाजूस ठेवून दोनच गोष्टींची चौकशी करतो: मैदान कोणाच्या मालकीचे होते, आणि प्रतिस्पर्ध्याला तेथवर पोहोचू देणारे नियम कोणते होते.

मुंबईच्या क्रिकेट संघाने १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात रणजी करंडक सलग पंधरा वर्षे जिंकला, ही गोष्ट मराठी वाचकास नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. उम्रीगरांपासून वाडेकरांपर्यंतची नामावळी त्याला मुखोद्गत असते, आणि त्या वैभवाची वर्णने मुंबईकर लेखकांनी इतकी केली आहेत की त्यांत भर घालण्याचे धाडस मी करणार नाही. मी त्या मालिकेकडे पाहतो तो खांडबाऱ्याहून, म्हणजे पराभूतांच्या मुलखातून. नवापूर तालुक्यातले, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे हे आमचे स्टेशनाचे गाव. मुंबईस जायचे तर आम्ही सुरतेवरून जातो, आणि चार स्थानके ओलांडली की गुजरात लागते. मालिका सुरू झाली त्या हंगामात आम्ही पश्चिम खानदेश जिल्ह्यात आणि द्वैभाषिक मुंबई राज्यात होतो. १ मे १९६० नंतर महाराष्ट्र राज्यात आलो, जिल्हा धुळे झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार. महसुली दप्तरात इतकी स्थित्यंतरे झाली तरी क्रिकेटच्या दप्तरात आमची हद्द तीच राहिली: खानदेश हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचा मुलूख. म्हणजे राज्य मुंबईचे होते तेव्हाही आमचा संघ महाराष्ट्राचा, आणि मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाल्यावरही ती आमची प्रतिस्पर्धीच.

या आमच्या संघाचा पूर्वेतिहास काही लाजिरवाणा नव्हता. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली, पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकविणाऱ्या त्या जिद्दी पुरुषाच्या कर्तृत्वाने, महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा दोनदा करंडक जिंकला होता. १९४८-४९च्या उपान्त्य सामन्यात मुंबईने पुण्यात येऊन ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ अशी झुंज देऊन ३५४ धावांनी हार पत्करली, आणि त्या चार डावांतील २,३७६ धावांची बेरीज प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातील सर्वोच्च म्हणून आजही अबाधित आहे. दुसऱ्या डावात सहाशेच्या वर धावा करूनही जो संघ साडेतीनशेने हरतो त्याला दुबळा म्हणण्याचा अधिकार कोणास असेल तो असो, मला नाही.

मग पुढे पंधरा वर्षे हा संघ गेला कोठे? या प्रश्नाचे उत्तर मला खेळाच्या वर्णनांत सापडले नाही. ते सापडले स्पर्धेच्या नियमांत, आणि माझ्या मते या संबंध मालिकेतील सर्वांत दुर्लक्षित कलम तेच आहे. १९५७-५८पासून रणजी स्पर्धेत विभागवार साखळी सामने सुरू झाले. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदे आणि सौराष्ट्र असे पाच संघ. आणि प्रत्येक विभागातून बाद फेरीत जाण्याची परवानगी केवळ एका, अग्रस्थानी असलेल्या, संघाला. आता हिशेब करून पाहावा. मुंबईने १९५८-५९ ते १९६९-७० अशी बारा विजेतेपदे ओळीने मिळविली, याचाच अर्थ ती बाराही वर्षे पश्चिम विभागात ती पहिली आली, आणि त्याअर्थी महाराष्ट्र, गुजरात, बडोदे व सौराष्ट्र या चौघांपैकी एकालाही बारा वर्षांत एकदाही विभागाची वेस ओलांडता आली नाही. १९५७-५८मध्ये करंडक जिंकणारे बडोदेदेखील त्या फाटकाआड अडकून पडले. विभागात दुसरा आलेला संघ देशात कितवा होता, हे त्या बारा वर्षांत कोणास कळण्याची सोयच नव्हती.

याच्या उलट राजस्थान पाहा. तो मध्य विभागात. आमच्या विदर्भाचे बांधवही तेथेच. राजस्थानच्या संघात हनुमंतसिंग आणि सलीम दुराणी होते, शिवाय विजय मांजरेकर आणि विनू मांकड यांच्यासारखे मुंबईत गाजलेले खेळाडूही त्याच्याकडून खेळून गेले, तेव्हा तो संघ उत्तमच होता. पण १९६०-६१ ते १९६९-७० या दहा हंगामांत त्याने सात वेळा अंतिम सामना गाठला व सातही वेळा मुंबईकडून मार खाल्ला, याबद्दल क्रीडालेखक त्याच्याविषयी जी करुणा व्यक्त करतात तिच्यातला थोडा वाटा मी महाराष्ट्राकरिता मागून घेईन. सात वेळा अंतिम सामना हरण्यासाठी सात वेळा तेथे पोहोचावे लागते, आणि ती मुभा विभागांच्या रेघांनी राजस्थानला दिली होती. रेघ थोडी सरकून राजस्थान पश्चिम विभागात आला असता तर त्या सात पराभवांचा इतिहासच लिहिला गेला नसता.

१९७०-७१मध्ये हे कलम बदलले. प्रत्येक विभागातून दोन संघांना पुढे जाण्याची परवानगी मिळाली. आणि काय झाले? ज्या वर्षी फाटक उघडले त्याच वर्षी महाराष्ट्र थेट अंतिम सामन्यात मुंबईसमोर उभा राहिला. बारा वर्षांच्या कैफियतीला याहून बोलका पुरावा कोणता हवा?

तो अंतिम सामना मात्र आमच्या बाजूने आठवण्यासारखा नाही. वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ त्या हंगामात वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. त्यात स्वतः वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि अशोक मांकड असे मुंबईचे पाच मोहरे होते. इकडे राहिलेल्या मुंबई संघाचे कप्तानपद सुधीर नाईक या अद्याप कसोटी न खेळलेल्या तरुणाकडे आले. समोर महाराष्ट्र, ज्याचे चंदू बोर्डे दीर्घकाळ आधारस्तंभ होते. असा सुयोग पुन्हा येणार नव्हता. आणि तरीही मुंबईने तो सामना ४८ धावांनी जिंकला. तिकडे पोर्ट ऑफ स्पेनला गावसकर-सरदेसाईंनी जे केले त्याच्या जयघोषात हा विजय झाकला गेला, पण पंधरा करंडकांपैकी सर्वांत वजनदार कोणता असे मला विचाराल तर मी याच करंडकाकडे बोट दाखवीन. पाच कसोटीपटू वजा करूनही जो संघ अजिंक्य राहतो त्याच्या अजिंक्यपदाचे रहस्य अकरा जणांत शोधणे व्यर्थ होय.

ते मैदानांत होते. हॅरिस आणि गाइल्स ढालींच्या शालेय सामन्यांतून निघालेला मुलगा क्लबात जाई, क्लबातून नोकरीच्या कचेरीत, आणि कचेरीकडून टाइम्स ढालीसाठी खेळे, शिवाय डॉ. कांगा यांच्या नावाची, १९४८मध्ये सुरू झालेली लीग ऐन पावसाळ्यात, न झाकलेल्या ओल्या खेळपट्ट्यांवर, एकाच वेळी अनेक मैदानांवर चाले. चेंडू चिखलातून कधी थांबून येई, कधी फुसकन उसळे, आणि फलंदाजाला तो शेवटपर्यंत नजरेखाली ठेवावा लागे. आमच्याकडे त्याच महिन्यांत भाताची खाचरे तुडुंब भरलेली असतात, शाळेच्या पटांगणावर घोटाभर गाळ असतो, आणि बॅट माळ्यावर जाते ती दसऱ्यापर्यंत. गुणवत्ता खांडबाऱ्यात जन्मत नाही असे नव्हे. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिला खेळावयास कोणी बोलावीत नाही, हा फरक दर वर्षी दोन-तीन महिन्यांचा, आणि पंधरा वर्षांत तो किती होतो हे वाचकानेच गुणून पाहावे.

त्या शिस्तीचा परिपाक पाहावयाचा असेल तर १९७२-७३च्या अंतिम सामन्याचा धावफलक समोर घ्यावा. मी तो पुष्कळदा घेतो. स्थळ मद्रासचे चेपॉक. यजमान तामिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार हे दोन नाणावलेले फिरकी गोलंदाज, आणि खेळपट्टी अशी की पहिल्या दिवसापासून चेंडू हातभर वळावा. घरच्या मैदानाचा लाभ म्हणतात तो याहून उघडपणे क्वचितच मांडला गेला असेल. मुंबई सर्व बाद १५१. त्यावर यजमान सर्व बाद ८०: पद्माकर शिवलकर यांचे १६ धावांत ८ बळी. मुंबई पुन्हा सर्व बाद ११३. आणि तामिळनाडू सर्व बाद ६१, त्यांत शिवलकरांचे १८ धावांत ५. दोन दिवस आणि तिसऱ्या दिवशीचा एक चेंडू, एवढ्यात १२३ धावांनी सगळा फैसला झाला. चार डावांत मिळून धावा ४०५, म्हणजे पुण्याच्या त्या १९४८-४९च्या सामन्याच्या जेमतेम एक षष्ठांश. पाहुण्यासाठी रचलेल्या सापळ्यात यजमान स्वतःच सापडला, आणि तेरा बळी चौतीस धावांत घेणारा पाहुणा असा होता की ज्याला भारताच्या कसोटी संघात आयुष्यात एकदाही स्थान मिळाले नाही. १९६६च्या अखेरीस बिशनसिंग बेदी आले आणि डावखुऱ्या फिरकीची ती एक जागा त्यांनी व्यापली. त्यांच्या योग्यतेविषयी वाद नाही, परंतु प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेणाऱ्या माणसाला एका तरी कसोटीत खेळवून पाहावे असे निवड समित्यांपैकी एकीलाही वाटू नये, याला मी अन्यायच म्हणतो. क्रिकेट मंडळाने सी. के. नायडू पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला तो पंचाहत्तरी उलटल्यावर. २०२५च्या मार्चमध्ये ते वारले.

मालिका तुटली ती पुढच्याच हंगामात, बंगळूरच्या उपान्त्य सामन्यात. विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल यांच्या शतकांनी कर्नाटकाचे ३८५ झाले. प्रसन्नांच्या एका चेंडूवर गावसकर त्रिफळाबाद झाले, वाडेकर धावबाद झाले, आणि ३०७वर मुंबईचा डाव आटोपून पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागला. मुंबईने नंतरचे तीन करंडक पुन्हा ओळीने जिंकले, तेव्हा बंगळूरचा तो एक सामना वगळला तर एकोणीस वर्षांत अठरा.

आता मैदानाच्या मालकीविषयी. त्या पंधरांपैकी निम्म्याहून अधिक अंतिम सामने मुंबईत, ब्रेबोर्नवर झाले. परंतु ब्रेबोर्न हे १९३७पासून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे, आणि मुंबई क्रिकेट संघटना तेथे केवळ कूळ. केंटकीच्या मुलांनी आपल्याच विद्यापीठाच्या छपराखाली १२९ सामने जिंकले. मुंबईने आपली सारी कीर्ती दुसऱ्याच्या अंगणात मिळविली, आणि मोठ्या सामन्यांना संघटनेच्या वाट्याला खुर्च्या किती द्यावयाच्या हे मालक ठरवी. याच खुर्च्यांवरून दोन संस्थांत जो तंटा पेटला तो मिटला नाहीच. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे, नागपूरकडचे राजकारणी आणि त्या वेळी विधानसभेचे सभापती, यांनी हाकेच्या अंतरावर चर्चगेटपाशी दुसरे स्टेडियम उभे करण्याचा हट्ट धरला आणि तो पुरा केला. २३ जानेवारी १९७५ रोजी वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी तेथे सुरू झाली. हा खर्च अनाठायी होता असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. मला तसे वाटत नाही. ज्याने पंधरा वर्षे जिंकून दिले त्याने पुढेही घरमालकाच्या मर्जीवर राहावे, हे कोणत्याही कुळास कबूल झाले नसते, आणि कूळकायद्याच्या या राज्यात तर नाहीच. फक्त योग असा की स्वतःचे घर बांधून झाले तेव्हा पंधरांची मालिका संपली होती. त्या घरची खेळपट्टी पुढे अनेक वर्षे सांभाळली ती सुधीर नाईक यांनी.

आमच्या हद्दीचे म्हणाल तर महाराष्ट्राने त्यानंतर आणखी दोन अंतिम सामने गाठले: १९९२-९३मध्ये पंजाबविरुद्ध आणि २०१३-१४मध्ये कर्नाटकाविरुद्ध. दोन्ही हरला. मध्य विभागात राजस्थानच्या छायेत राहिलेल्या विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन करंडक नेले. महाराष्ट्राचे अजून दोनच, आणि दोन्ही देवधरांच्या काळचे.