‘सर, मुलं चिडवतात’ : थट्टेच्या इंग्रजी शब्दांविषयी

वसतिगृहातील लहान मुलाची नेहमीची तक्रार तीन शब्दांची असते : “सर, मुलं चिडवतात.” या एका क्रियापदात किती निरनिराळ्या गोष्टी मावतात हे शिक्षकांना अनुभवाने ठाऊक असते. नव्या चपलेवरून झालेला हशा त्यात येतो, अहिराणीतले ‘मना’, ‘तुना’ ऐकून केलेली नक्कल येते आणि जातीवरून केलेला अपमानही येतो. मराठीत या छटांना वेगवेगळे शब्द आहेत. थट्टामस्करीत दोघेही हसू शकतात. फिरकी घेणारा शेवटी खरे काय ते सांगून टाकतो. टिंगलटवाळीत एकाला बाजूला काढून बाकीचे हसतात, टोमणा नेम धरून मारलेला असतो, कुचेष्टेत हेतूच वाईट असतो, तर हेटाळणीत समोरच्याला हीन लेखलेले असते. मात्र तक्रार करताना मुलांच्या तोंडी ‘चिडवतात’ एवढेच येते. हीच मुले पुढे नाशिक, पुणे, मुंबईच्या महाविद्यालयांत जातात. तेथील नियम, सूचना आणि तक्रारअर्ज पुष्कळदा इंग्रजीत असतात. त्या इंग्रजी शब्दांचे नेमके वजन आपल्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माहीत असावे, एवढ्यासाठी हा लेख.

पहिला शब्द ‘टीज’. त्याचा जुना अर्थ लोकर विंचरून तिचे तंतू सुटे करणे असा आहे. साक्री तालुक्यातील मेंढपाळांचे वाडे आणि कापूस पिंजणारे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही प्रतिमा लगेच कळेल : एकदम न तोडता थोडे थोडे ओढत राहायचे. बहीणभाऊ एकमेकांना करतात तेही ‘टीज’ आणि एखाद्याला रडकुंडीस आणणे हेही ‘टीज’. म्हणून हा शब्द फसवा आहे.

‘मेक फन ऑफ’ हा प्रयोगही आपल्या मुलांना चकवतो. ‘फन’ म्हणजे मौज, तेव्हा ‘मेक फन’ म्हणजे मौज करणे, असा अर्थ ती लावतात. मौज करणे याला ‘हॅव फन’ म्हणतात. ‘मेक फन ऑफ’ म्हणजे दुसऱ्याला हशाचा विषय करणे. ‘पुल समवन्स लेग’ची गंमत याच्या उलट आहे. शब्दशः ते ‘पाय ओढणे’. पण मराठीत वर चढणाऱ्याला खाली खेचणे हा त्याचा अर्थ आणि इंग्रजीत मात्र नुसती फिरकी घेणे. आपल्या समाजाने पाय ओढणारे इतके पाहिले आहेत की हा वाक्प्रचार प्रथम ऐकणारा विद्यार्थी दचकला तर नवल नाही.

‘मॉक’मध्ये बहुधा नक्कल असते. ‘टॉन्ट’ म्हणजे डिवचण्यासाठी मारलेला टोमणा. ‘रिडिक्यूल’ म्हणजे उपहास. ‘बुली’चा प्रवास विलक्षण आहे. सोळाव्या शतकात हा शब्द प्रिय व्यक्तीसाठी वापरला जाई. आज तो दुबळ्याला वारंवार छळणाऱ्यासाठी आहे. मराठीत त्याला जवळचा शब्द दादागिरीचा, परंतु दादागिरीत थोडे कौतुकही मिसळलेले असते, आणि ते मला खटकते.

मवाळ शब्द कसा घात करतो याचे उदाहरण ‘इव्ह-टीजिंग’. हा भारतीय इंग्रजीतील प्रयोग आहे. रस्त्यात मुलीला अडवणे, तिच्या अंगाला हात लावणे या कृत्यांना लोकर विंचरण्याचे नाव दिले गेले. तमिळनाडूने १९९८ साली केलेल्या कायद्याच्या नावातही हाच शब्द होता. २०१३मध्ये भारतीय दंडसंहितेत कलम ३५४-अ आले तेव्हा तेथे स्पष्टपणे लैंगिक छळ हे शब्द लिहिले गेले. मराठीतील ‘छेडछाड’ अजून तितकीच मवाळ राहिली आहे.

‘रॅगिंग’चेही तसेच. ब्रिटनच्या विद्यापीठांत ‘रॅग’ म्हणजे धर्मादाय निधी जमविण्यासाठी विद्यार्थ्यांनी केलेले कार्यक्रम. आपल्याकडे त्याच शब्दाने नवागताचा छळ ओळखला जातो. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला. त्याच्या व्याख्येत शारीरिक इजेबरोबर मानसिक इजा, भीती, लाज आणि ओशाळेपणाही येतो, आणि ‘टीजिंग’ हा शब्द त्यात स्वतंत्रपणे घातलेला आहे. शैक्षणिक संस्थेच्या व्याख्येत वसतिगृहही आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकले जाते आणि पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश मिळत नाही.

खान्देशाला या शब्दांची किंमत ठाऊक आहे. जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेत असताना २२ मे २०१९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले होते. तीन वरिष्ठ डॉक्टर जातीवरून टोमणे मारीत आणि अपमान करीत, असा कुटुंबाचा आरोप आहे; आरोपींनी तो नाकारला. रॅगिंगविरोधी कायदा आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, दोन्हींखाली गुन्हा नोंदविला गेला. त्याच वर्षी त्यांच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुला यांच्या आई राधिका वेमुला सर्वोच्च न्यायालयात गेल्या. महाविद्यालयांतील जातिभेदाला आळा घालणारी यंत्रणा प्रत्यक्षात उभी राहावी, ही त्यांची मागणी.

‘सरकारचे जावई’, ‘कोट्यातली’ हे टोमणे आपल्या मुलामुलींना नवे नाहीत. त्यांत एकही शिवी नाही. प्रत्येक शब्द सभ्य आहे. म्हणूनच ऐकणारा बाहेरचा मनुष्य ‘अरे, ती तर थट्टा’ म्हणतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६मध्ये रॅगिंगविषयक नियमांची व्याप्ती वाढवली आणि जात, धर्म, वर्ण, भाषा, प्रदेश यांवरून केलेला मानसिक छळ व वाळीत टाकणे त्यात घेतले. त्याच वर्षी लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, त्या समाजांबाहेरील कोणी जातीचे नाव घेऊन शिवीगाळ करणे हा अत्याचार कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा ठरला.

तेव्हा अर्ज लिहिताना ‘दे टीज मी’ एवढ्यावर थांबू नये. उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, ज्या भाषेत बोलले गेले त्याच भाषेत, अवतरणचिन्हांत लिहावेत. कोण बोलले, कोणत्या तारखेला, कोठे, कोणाकोणासमोर आणि यापूर्वी किती वेळा, हे नोंदवावे. पोचपावती घ्यावी. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आयोगाचा निःशुल्क मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. तो पालकांनीही आपल्या भ्रमणध्वनीत साठवून ठेवावा.