चित्र होण्याआधीचं पान

१४ नोव्हेंबर २०१७ रोजी मोझिलाने फायरफॉक्स या ब्राउझरची ५७वी आवृत्ती आणली. ‘क्वांटम’ नावाने तिचा मोठा गाजावाजा झाला, आणि तो खोटा नव्हता. आतली रचना बरीचशी नव्याने बांधलेली होती, पानं खरोखर झपाट्याने उघडत होती. त्याच सुमारास मोझिलाने आणखी एक सूचना दिली होती, ती मात्र फार थोड्यांच्या वाचनात आली. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी, विशेषतः ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी, तूर्त या आवृत्तीकडे येऊ नये, दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या जुन्या ५२व्या आवृत्तीवरच थांबावं, असं तिच्यात म्हटलं होतं. बाकीच्यांसाठी ब्राउझर वेगवान झाला, तेव्हाच दृष्टिहीन वाचकांसाठी तो मंदावला. हा दोष मुळापासून दूर व्हायला मे २०२३ उजाडला.

साडेपाच वर्षं! जगातले उत्तम प्रोग्रामर हाताशी असलेल्या संस्थेला एवढा काळ का लागावा? उत्तर शोधायला गेलं की ब्राउझरच्या एका अशा अंगाची ओळख होते, ज्याच्याशी डोळस माणसाचा कधी संबंधच येत नाही.

स्क्रीन रीडर म्हटलं की पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, अशी आपली समजूत असते. एके काळी ते तसंच होतं. डॉसच्या जमान्यात पडदा ८० स्तंभांचा आणि २५ ओळींचा, म्हणजे २००० घरांचा असे. कोणत्या घरात कोणतं अक्षर आहे, ते संगणकाच्या स्मृतीत सरळ लिहिलेलं असे. तिथून ते उचलायचं आणि कृत्रिम आवाजाकडे द्यायचं. आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी १९८०च्या दशकात याच पायावर स्क्रीन रीडर घडवला. १९८९ मध्ये टेड हेंटर यांच्या कंपनीने ‘जॉज’ आणलं. हेंटर मोटारसायकलच्या शर्यतीतले खेळाडू होते. १९७८ साली मोटारीच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली आणि त्यानंतर ते प्रोग्रामिंगकडे वळले.

मग विंडोज आलं आणि अक्षरांची घरं नाहीशी झाली. पडद्यावर उरले ते नुसते रंगीत ठिपके. त्या ठिपक्यांत अक्षर कुठलं, बटण कुठलं, हे संगणकाच्या स्मृतीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांनी त्यावर एक हिकमत काढली. एखादा प्रोग्राम पडद्यावर काही काढण्यासाठी विंडोजला जे आदेश देई, ते मध्येच टिपायचे आणि त्यांवरून पडद्याची एक प्रत बाजूला उभी करायची. ही प्रत बरीचशी अंदाजावर उभी असे. नवा प्रोग्राम आला की अंदाज चुकत.

या अंदाजपंचे कारभाराला वेगळी वाट दाखवणाऱ्यांत पुण्याचा एक मुलगा होता. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५चा, वाढले पुण्यात. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली. पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली, पुढचं शिक्षण आयआयटी मुंबईत झालं आणि १९९४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी पीएचडी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता गणिती मजकूर ऐकवणारी संगणक प्रणाली. एखाद्या समीकरणातला घातांक छापताना तो वर आणि बारीक छापतात. रामन यांची प्रणाली तो वरच्या स्वरात ऐकवत असे. छापील पानावरची उंची कानासाठी स्वराच्या उंचीत आली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलं. त्यामागचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. पडदा वाचू नका, पडद्यावर जे दाखवलं जातंय त्याचा अर्थ आधीपासून संगणकाकडे आहे, त्या अर्थालाच आवाज द्या, असा तो आग्रह होता.

वेबपानाला हे तंतोतंत लागू पडतं. कुठलंही पान ब्राउझरकडे येतं ते चित्र म्हणून येत नाही. ते एचटीएमएलच्या मजकुरात येतं. हे हेडिंग, ही यादी, ही लिंक, हा तक्ता, हा नाव भरायचा रकाना, असं त्यात लिहिलेलं असतं. ब्राउझर त्यातून शाखा-उपशाखांची एक रचना उभी करतो आणि मग त्या रचनेवरून पडद्यावरचं चित्र रंगवतो. त्याच रचनेतून तो आणखी एक गोष्ट तयार करतो, तिला ॲक्सेसिबिलिटी ट्री म्हणतात. आपण सुगम्यता-वृक्ष म्हणू. या वृक्षात रंग, टंक आणि सजावटीच्या रेघा गळून पडतात. उरतं ते प्रत्येक घटकाचं नाव, त्याची भूमिका आणि त्याची स्थिती. म्हणजे ‘पाठवा, बटण, निष्क्रिय’ किंवा ‘मला अटी मान्य आहेत, चेकबॉक्स, खूण केलेली नाही’. स्क्रीन रीडर वाचतो तो हा वृक्ष. जपानमध्ये आयबीएमच्या चिएको असाकावा यांनी १९९७ मध्ये ‘होम पेज रीडर’ हे सॉफ्टवेअर आणलं, त्यालाही अशाच रचनेचा आधार होता. साधा मजकूर पुरुषाच्या आवाजात आणि लिंक बाईच्या आवाजात, अशी त्याची सोय होती. असाकावा स्वतः चौदाव्या वर्षापासून दृष्टिहीन आहेत.

आता प्रत्यक्ष वाचन कसं चालतं ते पाहू. पान वरून खाली सलग ऐकत बसणारा वाचक विरळा. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये एच दाबलं की पुढचं हेडिंग येतं, २ दाबलं की दुसऱ्या पातळीचं हेडिंग, के दाबलं की लिंक, बी दाबलं की बटण, टी दाबलं की तक्ता. वेबएम ही अमेरिकी संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची वेळोवेळी पाहणी करते. लांबलचक पानावर काही शोधायचं असेल तर बहुतेक जण आधी हेडिंगांवरून उड्या मारतात, असं तिला पुन्हा पुन्हा आढळलं आहे. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो तेच हे काम, फक्त बोटांनी आणि कानांनी केलेलं. मुरलेले वापरकर्ते नेहमीच्या बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकतात. त्यातल्या अनेकांना गोड, माणसासारखे आवाज नको असतात. ईस्पीकसारखा रुक्ष यांत्रिक आवाज जलद वेगातही स्पष्ट राहतो, म्हणून ते तोच ठेवतात.

या सगळ्याला प्रतिसाद तत्काळ हवा. कळ दाबली आणि आवाज यायला दोन-दोन सेकंद लागले, तर दहा हेडिंगांवरून जायला वीस सेकंद गेले आणि मधल्या शांततेत आपण कुठे आहोत याचा पत्ताही राहिला नाही. तिकीट काढताना किंवा परीक्षेचा अर्ज भरताना वेळ संपून पान बंद पडतं ते वेगळंच. चालतं पण सावकाश चालतं, असं ज्याच्याबद्दल म्हणावं लागतं ते सॉफ्टवेअर दृष्टिहीन माणसासाठी बंदच असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

फायरफॉक्सचं घोडं नेमकं इथेच अडलं. पूर्वी अख्खा ब्राउझर संगणकाच्या एकाच प्रक्रियेत (प्रोसेसमध्ये) चाले आणि स्क्रीन रीडर आपला छोटा कोड थेट त्या प्रक्रियेच्या आत शिरवत असे. पान उघडलं की तो सगळा वृक्ष धुंडाळून मजकुराची आपली प्रत तयार करी. हजारो घटक आणि प्रत्येकाला तू कोण, तुझं नाव काय, तुझी स्थिती काय, असे प्रश्न. तरी हे सगळं चटकन उरके, कारण विचारणारा घरातच होता. नव्या रचनेत सुरक्षेसाठी वेबपानांना वेगळ्या, कडीकुलूप लावलेल्या प्रक्रियांमध्ये ठेवण्यात आलं. एखादं पान दुष्ट निघालं तरी त्याने बाकी संगणकाला हात लावू नये, हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच होता. पण स्क्रीन रीडर आता बाहेर पडला. आधी तो स्वयंपाकघरात उभा राहून एकेक डबा उघडून बघत होता. आता ओसरीवर बसून प्रत्येक डब्यासाठी आत निरोप धाडायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. एका निरोपाला लागणारा वेळ नगण्य, पण निरोपच हजारोंनी. त्यात आतली प्रक्रिया दुसऱ्या कामात गुंतली असेल तर बाहेरचं सगळंच खोळंबे.

पुढच्याच जानेवारीत, २०१८ मध्ये, ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे प्रोसेसरमधले दोष जगासमोर आले. त्यामुळे प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रक्रिया देणं आवश्यक ठरलं. बातमी एका प्रक्रियेत आणि तिच्या मधोमध येणारी जाहिरात दुसऱ्या प्रक्रियेत, असा प्रकार सुरू झाला. म्हणजे एकाच पानाचा वृक्ष अनेक ठिकाणी विखुरला. डागडुजीने हे भागणार नव्हतं.

मोझिलाने अखेर सुगम्यतेचं इंजिनच नव्याने लिहायला घेतलं. प्रकल्पाचं नाव ‘कॅश द वर्ल्ड’. त्याची धुरा होती जेमी टेह यांच्याकडे. ते स्वतः दृष्टिहीन आहेत. मायकल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए लिहायला सुरुवात केली, आणि ते मोफत वाटण्यासाठी पुढे उभ्या राहिलेल्या संस्थेत टेह त्यांचे भागीदार होते. स्क्रीन रीडर ब्राउझरला काय काय विचारतो, हे ज्याने स्वतः त्या बाजूने लिहिलं होतं, तोच आता उत्तर देणाऱ्या बाजूला आला. उपाय सांगायला सोपा आहे. पानाच्या प्रक्रियेने आपला वृक्ष आपणहून मुख्य प्रक्रियेकडे पाठवायचा आणि नंतर जे बदलेल तेवढंच कळवत राहायचं. स्क्रीन रीडरने काहीही विचारलं की मुख्य प्रक्रिया हाताशी असलेल्या प्रतीतून उत्तर देते, आत जावं लागत नाही. क्रोम या वाटेने आधीच गेला होता. पण करायला हे काम किचकट. प्रत्येक अक्षर पडद्यावर कुठे आहे, ओळ कुठे तुटते, तक्त्यातला कोणता चौकोन कोणत्या शीर्षकाखाली येतो, हे सगळं न विचारता पाठवायचं, तरी स्मृती तुडुंब भरता कामा नये, आणि क्षणाक्षणाला बदलणाऱ्या पानाची प्रत शिळी होता कामा नये.

९ मे २०२३ रोजी आलेल्या ११३व्या आवृत्तीत हे इंजिन सर्वांना मिळालं. तिच्या अधिकृत नोंदीत लिहिलं आहे की स्क्रीन रीडरबरोबरच पूर्व आशियाई भाषांची टंकन-साधनं आणि कंपन्यांची लॉगिन-सॉफ्टवेअरंही यामुळे वेगवान आणि स्थिर झाली. तीही ब्राउझरशी याच वाटेने बोलत होती.

ब्राउझरने आपलं काम चोख केलं तरी पान लिहिणाऱ्याची जबाबदारी उरतेच. पानात जे लिहिलं नाही ते वृक्षात येणार कुठून? एखाद्या साध्या चौकोनाला रंग देऊन, कडा गोलावून त्याचं बटण केलं, तर माउसने ते दाबता येतं, दिसतंही छान. पण वृक्षात ते बटण नसतं. टॅब दाबत गेलं तर ते लागतच नाही. एचटीएमएलचं खरंखुरं बटण वापरलं असतं तर नाव, भूमिका आणि कीबोर्डची सोय आपोआप मिळाली असती. असे घटक दुरुस्त करण्यासाठी ‘एरिया’ नावाच्या खास खुणा २०१४ मध्ये प्रमाणित झाल्या. त्या वापरण्याचा पहिला नियमच असा आहे की मूळ घटकाने काम भागत असेल तर या खुणा वापरू नका. तो पाळला जात नाही. वेबएम दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं यंत्राकरवी तपासते. २०१९ मध्ये त्यातल्या ९७.८ टक्के पानांवर दोष सापडले, २०२५ मध्ये ९४.८ टक्के पानांवर. एरियाच्या खुणा असलेल्या पानांवर सरासरी दोष जास्तच निघतात. आणि हे दोष काही गूढ नाहीत. चित्राला वर्णन नाही, रकान्याला नाव नाही, लिंकमध्ये मजकूर नाही, अशाच प्रकारचे ते आहेत. हे दुरुस्त करायला बहुतेकदा एक ओळ पुरते, आणि ती ओळ कुणी लिहीत नाही याचा मला मनापासून राग येतो.

भारतात हा प्रश्न आता न्यायालयाच्या दारातून पुढे सरकला आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. निमित्त होतं बँक खात्यासाठी किंवा सिमकार्डासाठी लागणाऱ्या केवायसीचं. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, असं यंत्र सांगतं. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांनी आणि दृष्टिहीनांनी ती कशी करायची? न्यायालयाने पर्याय द्यायला सांगितले आणि ठरावीक काळाने सुगम्यतेची तपासणी करण्याचे निर्देशही दिले. २०११च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व नोंदवलेल्यांची संख्या देशात ५० लाखांवर होती, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

मराठी पानांची अडचण आणखी एका पातळीवर आहे. पानाच्या सुरुवातीला त्याची भाषा सांगणारी एक खूण असते. मराठीसाठी ती ‘एमआर’ अशा दोन अक्षरांची. ती नसेल तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजातच पुढे जातो आणि देवनागरी मजकूर गाळतो किंवा एकेक अक्षर सुटं वाचतो. चुकून हिंदीची खूण असेल तर हिंदी आवाज मराठी वाचू लागतो, आणि चमच्यातला ‘च’ चहातल्या ‘च’सारखा होऊन बसतो. त्याहून वाईट अवस्था युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या मजकुराची. तिथे डोळ्यांना मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. कानावर अर्थहीन बडबड पडते. स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफमध्ये तर तेवढंही नसतं, तिथे वृक्षात फक्त एक चित्र असतं. आपल्याकडच्या परिपत्रकांपासून लग्नपत्रिकांपर्यंत किती मजकूर अजून असाच फिरतो! टाइप करणाऱ्याने युनिकोड वापरलं, हेडिंगला नुसतं जाड न करता हेडिंगची शैली दिली आणि फाईल स्कॅन न करता थेट पीडीएफ केली, तर तोच मजकूर एनव्हीडीए ईस्पीकच्या मराठी आवाजात वाचून दाखवतो.