चुंबकाची तहान

एमआरआयच्या खोलीत तपासणी चालू नसतानाही एक बारीक आवाज येत राहतो : चिक्-चिक्, चिक्-चिक्. तो शीतयंत्राचा. मुख्य चुंबकाची तार उणे २६९ अंश सेल्सियसला ठेवली तरच तिच्यातून वीज विनाअडथळा फिरते, आणि त्यासाठी नेहमीच्या यंत्रात हजार-दीड हजार लिटर द्रव हेलियम भरलेला असतो. आपल्याकडे तो परदेशातून येतो. शीतयंत्र बराच वेळ बंद पडले की हा हेलियम उकळून उडू लागतो, म्हणून रात्री-अपरात्री, सणावारीही हा आवाज थांबू द्यायचा नसतो. नाशिक शहरात हे जमते. जिल्ह्यातल्याच पेठ-सुरगाण्याकडे पावसाळ्यात गेलेली वीज कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे पाय बधिर झालेल्या शेतमजुरालाच सावळघाट चढून यंत्रापाशी यावे लागते. म्हणूनच एमआरआयमधली अलीकडची खरी प्रगती मी चुंबकाची ताकद वाढण्यात धरत नाही. त्याची तहान कमी झाली, ही ती प्रगती.

पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुनादातून पहिले चित्र काढले. पुढे २००३ चे नोबेल त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळाले, आणि मधल्या काळात सगळी चुरस टेस्लाचा, म्हणजे चुंबकाच्या ताकदीचा, आकडा वाढवण्याची होती. दीड, तीन, मग सात. उलटी वाट उशिरा सापडली. फिलिप्सने २०१८ मध्ये दीड टेस्लाचा असा चुंबक आणला की त्यात जेमतेम सात लिटर हेलियम, तोही कायमचा सीलबंद. वीज गेल्यास काही तास वाया जातील, पण हेलियम जागेवर राहतो. सीमेन्सने २०२० मध्ये ०.५५ टेस्लाचे यंत्र काढले, त्यात लिटरभरही हेलियम नाही, आणि नळीची रुंदी ८० सेंटिमीटर. नळीत शिरताना जीव घाबरा होणाऱ्यांना हा फरक लगेच कळतो. बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्सने तर द्रव हेलियमला फाटाच दिला. त्यांचे स्वदेशी यंत्र बसले ते चंद्रपूर कॅन्सर केअर फाउंडेशनच्या रुग्णालयात, मुंबई-पुण्यात नव्हे. मला ही गोष्ट बोलकी वाटते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे : चुंबक कमजोर तर चित्र धूसर. पाण्यातल्या हायड्रोजनकडून येणारा संकेत चुंबकाच्या ताकदीबरोबर घटतो, दीडवरून ०.५५ वर आलो की साधारण तिसरा हिस्सा उरतो. तो नुसत्या पुनरावृत्तीने भरून काढायचा तर सातपटीहून जास्त वेळ रुग्णाला निपचित पडून राहावे लागेल. इथे गणित मदतीला आले. कमी नोंदींतून पूर्ण चित्र उभे करण्याची मायकेल लस्टिग यांची पद्धत २००७ ची. त्यावर आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. मग संगणक नसलेली गाठ रंगवणार नाही कशावरून? ही भीती पोकळ नाही, आणि अपस्मारातला सूक्ष्म दोष शोधायला मोठा चुंबकच हवा. पण कमरेची सरकलेली चकती, गुडघ्याचा फाटलेला स्नायुबंध, मेंदूतला पक्षाघात यांसाठी तेवढी बारकाई लागत नाही. उलट पायात रॉड टाकलेल्या रुग्णाचे चित्र लहान चुंबकात कमी विस्कटते.

दुसरा आक्षेप माणसांचा, आणि त्याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये ऑक्सिजनच्या सिलिंडरसह यंत्राकडे खेचला जाऊन एका तरुणाचा जीव गेला. लहान चुंबकही लोखंड ओढतोच. दारात मंगळसूत्र, पैंजण उतरवून घेणारा, वर्षानुवर्षे बोटात रुतलेली जोडवी निघत नाहीत तेव्हा काय करायचे हे जाणणारा तंत्रज्ञ यंत्राबरोबर विकत मिळत नाही. चित्र तालुक्यातून क्षणात पाठवता येते, ते वाचणारा रेडिओलॉजिस्ट मात्र तयार व्हावा लागतो. राज्यातल्या वैद्यकीय पदव्यांचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे, म्हणजे हा प्रश्न नाशिकच्या अंगणातलाच.

तेव्हा सरकारी रुग्णालयासाठी पुढची निविदा काढणाऱ्यांनी टेस्लाच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखावेत : हेलियम किती लिटर, वीज गेल्यावर यंत्र किती तासांत पूर्ववत, आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ किती.