महापौरांना प्रश्न

लंडन महानगराच्या महापौरांची निवड थेट नागरिकच करतात. वाहतूक व घरबांधणी यांबरोबरच महानगर पोलीस दलाचे धोरण आणि खर्च ठरविण्याचा अधिकारही महापौरांकडे असतो. एवढी सत्ता एका व्यक्तीच्या हाती आली, तर तिला जाब कोणी विचारावा? यासाठी २००० साली २५ निर्वाचित सभासदांची लंडन सभा अस्तित्वात आली. वर्षातून १० वेळा महापौरांना या सभेपुढे जातीने उपस्थित राहावे लागते. चोऱ्यांना आळा का बसत नाही, पोलीस वाटेत कोणाची झडती घेतात, असे प्रश्न तेथे सर्वांसमक्ष विचारले जातात. दोन-तृतीयांश सभासदांचे एकमत झाल्यास महापौरांच्या अंदाजपत्रकातही सभेला बदल करता येतो. सत्ता लोकांनी दिलेली असते. म्हणून तिचा हिशेबही लोकांपुढेच द्यावा लागतो.