ताण दिला, बहर आला

वैशाखात माणसं अकराच्या आत कामं उरकून घरात शिरतात, भटकी कुत्री गाड्यांखाली जाऊन पडतात, नळाला पाणी दिवसाआड येतं. मोगऱ्याला मात्र नेमका हाच मुहूर्त लागतो. मधुमालती गॅलरीच्या गजांवरून घोस सोडते, हिरवा चाफा कुठे लपलाय ते न सांगता दरवळतो, बोगनवेलीचं पान दिसेनासं होतं आणि 'हिच्यात आता काही उरलं नाही' म्हणून कोपऱ्यात सरकवलेल्या कुंडीतून लालभडक चेंडू वर येतो. पावसाळ्यात मुबलक पाणी असतं, थंडीत सुखाचा गारवा असतो. ते सोडून ही मंडळी उन्हाळ्यालाच का धरून बसतात?

याचं अर्धं उत्तर आपल्याकडच्या कुठल्याही डाळिंबवाल्याला ठाऊक असतं. त्याच्या भाषेत झाडाचं पाणी तोडण्याला 'ताण देणं' म्हणतात. डाळिंब, पेरू, संत्री ही झाडं आपल्या हवामानात वर्षातून एकाहून जास्त वेळा फुलू शकतात; बागायतदार त्यातला सोयीचा एक बहार धरतो. एप्रिल-मेमध्ये पाणी तोडलं तर पावसाच्या तोंडाशी मृग बहार येतो. डिसेंबरच्या सुमारास तोडलं तर जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहार. पावसाळा सरताना जमीन वाळू दिली तर हस्त बहार. पानं मलूल होऊन गळू लागली की हलकी छाटणी, मग खत आणि पाणी. काही आठवड्यांत बाग कळ्यांनी भरते.

पाणी तुटल्यावर झाडात काय घडतं? पाण्याची टंचाई सुरू झाली की सगळ्यात आधी थांबते ती वाढ. पानांचं अन्न तयार करण्याचं काम त्यानंतरही काही काळ चालू राहतं. साखर तयार होते, पण ती खर्चायला नवे कोंब नाहीत. मग ती पिष्टमय पदार्थांच्या रूपात फांद्यांत आणि मुळांत साठते. याच काळात फांदीला लांबवणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाचा जोर ओसरतो आणि पानांची छिद्रं मिटवणाऱ्या अ‍ॅब्सिसिक आम्लाचं प्रमाण वाढतं. शिल्लक गाठीशी आणि वाढ बंद, अशा स्थितीत डोळ्यातून पुढे पान काढायचं की कळी, हा निर्णय कळीच्या बाजूने झुकतो. कोकणातले हापूसवाले पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याशी 'कल्टार' घालतात, त्यामागचं तत्त्वही हेच. त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल हे रसायन झाडाला जिबरेलिन बनवू देत नाही. पालवी आवरते आणि मोहोर धरतो.

फुलण्याचा निरोप झाडात फिरतो तरी कसा, हे कोडं मात्र बराच काळ सुटत नव्हतं. १९२० साली गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की अनेक वनस्पती दिवस-रात्रीची लांबी मोजून फुलतात. मोजणी होते पानात आणि फूल येतं फांदीच्या टोकाला, म्हणजे मधे कुणीतरी निरोप्या हवा. रशियातल्या मिखाईल चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकात त्या न सापडलेल्या निरोप्याला 'फ्लोरिजेन' असं नाव देऊन टाकलं. तो हाती लागायला २००७ साल उजाडलं: 'एफटी' नावाचं छोटं प्रथिन पानात तयार होतं, अन्नरसाबरोबर वाहत टोकापर्यंत पोहोचतं आणि तिथल्या पेशींना कळी घडवायला लावतं. लिंबूवर्गीय झाडांत पाण्याचा ताण पडला की याच प्रथिनाच्या जनुकाची सक्रियता वाढते, असंही नंतरच्या अभ्यासांत दिसलं आहे. शेतकऱ्याचा जुना अनुभव आणि प्रयोगशाळेतलं प्रथिन इथे एकमेकांना भेटतात.

मोगऱ्याची तयारी डिसेंबरात

घरच्या मोगऱ्यालाही हा हिशेब लागू पडतो, फक्त वेळ सांभाळायला हवी. मोगऱ्याची कळी जुन्या फांदीवर धरत नाही. ती नव्या कोंबाच्या टोकाला येते. म्हणून थंडीत पाणी कमी करायचं, डिसेंबर-जानेवारीत फांद्या निम्म्यावर छाटायच्या, उरलीसुरली पानं काढून टाकायची आणि ऊन चढू लागलं की शेणखत घालून पाणी सुरू करायचं. कोंब भराभर सुटतात आणि टोकाला बहुधा तीन-तीन कळ्यांचे झुपके येतात. जवळून पाहिलं तर मधली कळी आधी टपोरी होते आणि तीच आधी उमलते. शेजारच्या दोघी मागून येतात. एक बहर ओसरला की ती टोकं खुडावीत. नवे कोंब, पुन्हा कळ्या.

'मोगऱ्याला पाणी तोडा' हा सल्ला काही जण एप्रिलमध्ये ऐकतात आणि अमलात आणतात, तिथे घोटाळा होतो. ताण हा कळी घडण्याआधीचा उपाय आहे. कळ्या धरल्यावर कुंडी कोरडी पडली तर झाड सगळ्यात आधी कळ्याच टाकून देतं. याला अपवाद बोगनवेल. ती उन्हाळ्यातही तहानलेलीच बरी. रोज पाणी मिळालं की नुसता पाला माजतो, गच्चीवर दुर्लक्षित राहिली की रंगते. तिच्या ज्या रंगावर आपण भाळतो तो पाकळ्यांचा नसून तीन रंगीत पर्णकांचा असतो. खरी फुलं म्हणजे त्या तिघांना आतून एकेक चिकटलेल्या बारीक, फिकट नळ्या.

काही कळ्या फुगतात, पांढऱ्या होण्याऐवजी जांभळट पडतात आणि न उमलता गळतात. दोष उन्हाला दिला जातो. अशी एखादी कळी नखाने उकलून पाहावी: आत काळ्या डोक्याची बारीक हिरवट अळी फूल पोखरत बसलेली सापडते. तशा कळ्या खुडून नष्ट केल्या तरी घरच्या एका झाडापुरतं भागतं.

बटमोगरा आणि हजारी मोगरा यांचा भरगच्चपणा हीसुद्धा एक गंमत आहे. दुहेरी फुलांत पुंकेसरांच्या जागी पाकळ्या वाढलेल्या असतात. पुंकेसर गेले, त्यांच्यासोबत परागही गेले; त्यामुळे अशा मोगऱ्याला बी धरत नाही. सुगंध मात्र आजही संध्याकाळ झाली की सुटतो, रात्रीच्या पतंगांना बोलावतो, आणि त्यातून झाडाच्या पदरात काही पडत नाही. त्याचा वंश चालवतो तो माणूस, छाट कलम आणि दाब कलम करून.

वर्षाचा हिशेब, तासांचा हिशेब

लाल चेंडूची गोष्ट याहून लांबची आहे. 'मे फ्लॉवर' म्हणून आपण ओळखतो ती वनस्पती मूळची आफ्रिकेची, शास्त्रीय नाव स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस. पावसाळाभर तिची रुंद पानं अन्न तयार करून जमिनीखालच्या कंदात साठवतात, थंडीत पानं वाळतात आणि कुंडी ओस पडते. ओस पडते ती फक्त वरून. पुढच्या फुलोऱ्याची घडण त्या झोपलेल्या कंदात आधीच झालेली असते. उन्हाने माती तापली, एखादा वळीव झाला, की ठिपक्याठिपक्यांचा दांडा माती सारून वर येतो आणि बघता बघता उघडतो. चेंडू एका फुलाचा नसतो. कधी कधी दोनशेपर्यंत फुलं त्यात असतात. प्रत्येकाला सहा अरुंद पाकळ्या, सहा लांब केसर आणि केसराच्या टोकाला परागांची पिवळी पिशवी. मे महिन्यात आपण पाहतो तो गेल्या पावसाळ्यातल्या पानांच्या मेहनतीचा पगार आहे. म्हणून फूल गेल्यावर येणारी पानं हिरवी आहेत तोवर कापू नयेत. कंद विषारी असतो, तेव्हा लहान मुलं आणि घरातली कुत्री-मांजरं यांच्यापासून कुंडी जपावी.

रेन लिलीचा हिशेब दिवसांचा. कोरड्या मातीत दबा धरून बसलेले तिचे कंद वळवाचा जोरदार पाऊस झाला की तीन-चार दिवसांत फुलतात. कॉफीचंही असंच आहे. कर्नाटकातल्या मळ्यांमध्ये कोरड्या दिवसांत कळ्या थांबून राहतात आणि मार्च-एप्रिलच्या सरींनंतर सगळ्या मिळून फुटतात.

मधुमालती तीन दिवसांत तीन रंग दाखवते. फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं. त्याची नळी इतकी लांब, की तळाचा मध मुख्यतः लांब सोंडेच्या पतंगांच्या आवाक्यातला. अंधारात त्यांना पांढरा रंग चांगला दिसतो. दुसऱ्या दिवशी अँथोसायनिन हे रंगद्रव्य भरून फूल गुलाबी होतं, पुढे लाल. आता दिवसाच्या मधमाश्या आणि फुलपाखरांची पाळी. मग जुनी फुलं गाळून का टाकायची नाहीत? अशाच रंगबदलाचं कोडं घाणेरीच्या फुलांबाबत फ्रिट्झ म्युलर या निसर्गअभ्यासकाला ब्राझीलमध्ये पडलं होतं. फुलपाखरं ताज्या पिवळ्या-नारिंगी फुलांवर बसतात आणि जुनी टाळतात, असं त्याने टिपलं; त्याचं ते पत्र १८७७ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. जुनी फुलं घोस मोठा दाखवून लांबून गिऱ्हाईक आणतात आणि जवळ आल्यावर रंगानेच सांगतात, की मध शेजारी आहे.

हिरवा चाफाही वयाप्रमाणे वागतो. कोवळं फूल पानांसारखं हिरवं आणि जवळजवळ बिनवासाचं. पिवळसर पडायला लागलं की पिकल्या फळाचा घमघमाट सुटतो आणि त्या वासावर छोटे भुंगेरे येतात. त्याच्या फुलाचा देठ मुद्दाम पाहावा: तो चक्क आकडा असतो, आणि त्याच आकड्याने वेल आधार पकडून वर चढते.

तासांचा हिशेब पुन्हा मोगऱ्याचा. त्याची कळी दुपारी गंधहीन असते. दिवस मावळताना ती सुटते आणि लिनॅलूल, बेंझिल अ‍ॅसिटेट यांसारखी उडून जाणारी द्रव्यं बाहेर पडू लागतात. त्यांच्यात थोडं इंडोलही असतं. ते एकटंच हुंगलं तर डांबरगोळीची आठवण करून देतं, पण त्याच्या चिमटीभर अस्तित्वानेच मोगऱ्याचा वास भारदस्त होतो. विशेष म्हणजे, कळी सकाळी खुडली तरी तिचं घड्याळ थांबत नाही. फुलवाली दुपारी ओवते तो गजरा कळ्यांचा, आणि संध्याकाळी केसांत उमलतो तो फुलांचा. चीनमध्ये जॅस्मिन चहासाठी याच मोगऱ्याच्या कळ्या दिवसा तोडतात आणि रात्री त्या उमलत असताना चहापत्तीत मिसळून तिला सुगंध पाजतात.

पानावरची गोल भोकं

या दिवसांत गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानांच्या कडेला कंपासने आखावेत असे गोल तुकडे कापलेले दिसले तर कीटकनाशकाची बाटली लगेच काढू नये. हे काम पानं खाणाऱ्या अळीचं नाही. एकटी राहणारी मेगॅकाइल जातीची मधमाशी ते तुकडे नेऊन पोकळ बांबूत किंवा भिंतीच्या भोकात घर बांधते. लांबट तुकड्यांच्या भिंती, गोल तुकड्याचं झाकण, आत परागांचा लाडू आणि त्यावर एक अंडं. थोडी पानं विद्रूप होतात, त्या बदल्यात वांगी-भोपळ्यांच्या फुलांनाही पाहुणे मिळतात.

बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस येतो, असं जाणती माणसं सांगत आली. हा ठोकताळा तपासायचा तर हाताशी तारखा हव्यात. 'सीझनवॉच' या नागरिक-विज्ञान उपक्रमात देशभरातली शाळकरी मुलं आणि हौशी माणसं आपल्या परिसरातल्या झाडांना पालवी, फुलं, फळं कधी आली ते नोंदवतात. कुंडीतल्या झाडांसाठी मात्र स्वयंपाकघरातली दिनदर्शिका पुरते. दुधाच्या हिशेबाशेजारी मोगऱ्याची पहिली कळी, पहिला वळीव आणि मे फ्लॉवरचा दांडा दिसल्याचा दिवस टिपत गेलं, की दोन-तीन उन्हाळ्यांत आपल्या गॅलरीचं स्वतःचं वेळापत्रक तयार होतं. पुढच्या थंडीत मोगऱ्याचं पाणी कधी तोडायचं, ते मग कुणाला विचारावं लागणार नाही.