मधुमेही मुलांच्या मनाची पारख

मधुमेह हा उतारवयातील सुखवस्तू माणसांचा आजार होय, हा समज ग्रामीण भागात अद्याप दृढ आहे. त्यामुळे जिंतूर वा पालम तालुक्यातील एखाद्या खेड्यात दहा-बारा वर्षांच्या मुलास मधुमेह असल्याचे निदान झाले, की घरच्यांचा पहिला उद्गार असतो, "एवढ्याशा लेकराला साखर कशी होईल?" मुलांमध्ये बहुधा आढळणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेकडून नष्ट होतात. गोड खाण्याशी किंवा आईबापांच्या हयगयीशी त्याचा संबंध नसतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसन या मुलास इन्सुलिन टोचण्यात आले. तोपर्यंत अशी मुले फार काळ जगत नसत. आज ती जगतात, शिकतात, संसार करतात. मात्र दिवसातून अनेक वेळा टोचून घेणे, बोटातून रक्त काढून साखर पाहणे आणि घासाघासाचा हिशेब ठेवणे हे त्यांच्या वाट्यास कायमचे येते.

या ओझ्यास प्रत्येक मूल आपापल्या परीने तोंड देते. लाझारस व फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये अशा प्रयत्नांचे दोन ठळक प्रकार मांडले : अडचणीवरच उपाय शोधणे आणि अडचणीमुळे उठलेली भावना आवरणे. सहलीला जाताना खाऊ व सुई आठवणीने बरोबर घेणारी मुलगी पहिला मार्ग धरते. मैत्रिणीपाशी मन मोकळे करणारी दुसरा. दोन्ही उपयुक्तच. काळजी वाटावी ती टाळाटाळीची. वहीतील साखरेचे आकडे सुबक, पण दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी रक्तचाचणी मात्र चढलेली, असे दिसले की आकडे मनाने लिहिलेले असण्याची शंका घ्यावी. ती लबाडी समजून मुलास रागे भरण्याची रीत सर्रास आहे, आणि ती घातक आहे. पुढच्या वेळी मूल अधिक सफाईने लपविते, एवढेच.

मनःस्थिती मोजण्यासाठी सोप्या प्रश्नावल्या उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत पाचच विधाने असून ती मागील दोन आठवड्यांतील उत्साह, शांतता, झोपेनंतरचा ताजेपणा यांविषयी असतात. प्रत्येकास शून्य ते पाच गुण. पंचवीसपैकी बेरीज तेरापेक्षा कमी आली तर अधिक चौकशी करावी. मधुमेहामुळे येणारा त्रास मोजणारी वीस प्रश्नांची स्वतंत्र प्रश्नावली १९९५ पासून वापरात आहे. तिचे गुण शंभरपैकी काढतात व चाळीस किंवा अधिक गुण तीव्र त्रास सुचवितात; किशोरांसाठी तिची निराळी आवृत्ती आहे. गुण म्हणजे निदान नव्हे, हे मात्र विसरता कामा नये.

प्रश्न कसा विचारला जातो, यावर बरेच अवलंबून असते. आई शेजारी बसली असता "बरं आहे" यापलीकडे उत्तर मिळत नाही. म्हणून काही वेळ मुलाशी एकट्याने बोलावे. पुस्तकी भाषांतरातील 'मानसिक थकवा' मुलास कळत नाही, "या सुयांचा वीट आलाय का?" हे कळते. मुलींच्या बाबतीत लग्न जमविताना आजार लपविण्याचे दडपण असते, आणि त्यापायी चारचौघांत इन्सुलिन टाळले जाते. जीव नकोसा झाल्याचे मूल बोलले, तर गुणांची बेरीज करीत न बसता त्याच दिवशी त्यास डॉक्टरांकडे न्यावे व तोवर एकटे सोडू नये.

शिक्षकांना हे मूल रोज दिसते. साखर एकाएकी उतरली, की घाम, थरथर, चिडचिड वा गोंधळ दिसतो. तो उनाडपणा नव्हे. मूल शुद्धीवर असल्यास त्वरित साखर किंवा ग्लुकोज द्यावे. अशा विद्यार्थ्यांना वर्गात साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची व खाण्याची मुभा असावी, असे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळविले आहे. ही मुभा मिळाली, तर लपविण्याचे निम्मे कारणच उरत नाही.

परभणीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. फ्रिज नसलेल्या घरी दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून आतल्या मडक्यात इन्सुलिनची वापरातील बाटली ठेवता येते. औषध खराब होईल ही घरातली रोजची धास्ती त्याने कमी होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांत तपासणीस येतात. त्यांना अशा मुलाची माहिती द्यावी. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथील 'उडान' ही संस्था मधुमेही मुलांसाठी कार्य करते. मानसिक आरोग्याबाबत सल्ल्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर लिहून ठेवता येईल.